गाठ नाही, तरी स्तन सुजलाय? सोनोग्राफी कधी करायची आणि तिचा रिपोर्ट कसा वाचायचा

एका बाजूचा स्तन अचानक सुजतो. कातडी लालसर-काळसर पडते, हात लावला तर गरम लागते. गाठ मात्र हाताला कुठंच लागत नाही. अशा वेळी घरातला पहिला अंदाज ठरलेला असतो: उष्णता झाली असेल, काहीतरी चावलं असेल, दूध साकळलं असेल. मेडिकलमधून गोळ्या येतात, कुणी हळदीचा लेप सांगतं आणि पंधरा दिवस निघून जातात. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो, सूज उतरते. पण थोड्या बायकांमध्ये ती उतरत नाही, कारण ती जंतूंची सूज नसतेच. तो स्तनाचा एक वेगळ्याच चालीचा कॅन्सर असतो.

डॉक्टर त्याला इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर म्हणतात. पुस्तकी मराठीत दाहक स्तनकर्करोग. स्तनाच्या शंभर कॅन्सरमध्ये असे एक ते पाच निघतात, म्हणजे हा तसा दुर्मिळच. पण घाईचा आहे. नेहमीची कॅन्सरची गाठ महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. हा काही आठवड्यांत पसरतो. म्हणून 'अजून एक कोर्स घेऊन बघू' यात गेलेले दिवस इथं फार महाग पडतात. आणि हे दिवस वाचवण्यासाठी जी तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते, ती म्हणजे सोनोग्राफी.

गाठ का लागत नाही?

अंगात रक्तवाहिन्यांसारखंच आणखी एक बारीक नळ्यांचं जाळं असतं. पेशींच्या भोवती साचणारं पाणी गोळा करून परत रक्तात नेऊन सोडायचं, हे त्याचं काम. या नळ्या म्हणजे लसिकावाहिन्या. त्यांच्या वाटेत ठिकठिकाणी गाळण्या असतात, त्या लसिकाग्रंथी. पायाला जखम झाली की जांघेत जे अवधान येतं, ती हीच ग्रंथी सुजलेली असते. स्तनातल्या नळ्यांची मोठी वाट काखेतल्या ग्रंथींकडे जाते.

या कॅन्सरच्या पेशी एका जागी जमून टणक गोळा करत बसत नाहीत. त्या कातडीखालच्या बारीक नळ्यांत शिरतात आणि नळ्या बुजवतात. शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. चर बुजला, पाण्याचा निचरा थांबला की रान चिबडतं. वरून पीक पिवळं पडलेलं दिसतं, पण दोष जमिनीच्या खाली असतो. इथंही तसंच होतं. निचरा थांबला की पाणी कातडीत साचतं, स्तन जड होतो, फुगतो, गरम लागतो. कातडी फुगते, पण जिथं केसांची मुळं असतात तिथं ती आत धरून ठेवलेली असते. त्यामुळं वर बारीक बारीक खड्डे पडतात, अगदी संत्र्याच्या सालीसारखे. जगभरच्या डॉक्टरांनी या खुणेला संत्र्याच्या सालीचंच नाव दिलं आहे.

'इन्फ्लमेटरी' हे नाव १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ली आणि टॅननबाउम या दोन डॉक्टरांच्या लेखामुळे रूढ झालं. नाव थोडं फसवं आहे. लाली, सूज, गरमपणा दिसतो म्हणून ते दिलं, पण आत जंतू नसतात. त्यामुळं अँटिबायोटिक कितीही भारी दिलं तरी हा आजार बरा होत नाही.

लालीबद्दल एक गोष्ट आपल्याकडे जास्त लक्षात ठेवायला हवी. पुस्तकांत 'लाल' लिहिलेलं असतं, ते गोऱ्या कातडीवरून. सावळ्या बाईला हीच लाली जांभळट, तपकिरी किंवा काळपट दिसते. कधी रंग बदललाय हे कळतच नाही, कातडी फक्त ताणलेली आणि चकचकीत दिसते. तेव्हा रंगावर विसंबून राहू नये. एका बाजूनं ब्लाऊज अचानक घट्ट व्हायला लागलं, संध्याकाळी ब्लाऊज काढल्यावर शिवणीचा वण त्याच बाजूला खोल उमटलेला दिसला, बोंडी आत ओढली गेली किंवा चपटी झाली, एक बाजू जड वाटायला लागली, या खुणा रंगापेक्षा खात्रीच्या. दुखेलच असं नाही. काहींना ठणका लागतो, काहींना नुसती खाज येते, काहींना काहीच होत नाही.

साधी सूज कोणती?

घाबरून जायचं कारण नाही, हेही सांगितलं पाहिजे. अंगावर पाजणाऱ्या बाईचा स्तन लाल झाला, थंडी वाजून ताप आला, तर बहुधा ते दूध तुंबून झालेलं इन्फेक्शन असतं. योग्य औषध सुरू झालं की दोन-तीन दिवसांत फरक पडायला लागतो. पाजणं थांबवायचं नसतं, उलट स्तन रिकामा होत राहिला तर सूज लवकर उतरते. कधी आत पू साठून गळू होतं, ते सुईनं किंवा चिरा देऊन काढावं लागतं. आपल्या देशात स्तनाचा टीबीही अधूनमधून सापडतो. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाची, जंतू सापडत नाहीत तरी महिनोन्‌महिने चिघळत राहणारी सूजही असते. ती कॅन्सर नसते, पण वरून बघून हुबेहूब तशीच वाटते.

मग ओळखायचं कसं? डॉक्टर लोक साधा हिशेब वापरतात. सूज इन्फेक्शनची वाटली तर अँटिबायोटिकचा एक कोर्स, सात ते दहा दिवसांचा. तेवढ्यात सूज पूर्ण उतरली तर प्रश्न मिटला. उतरली नाही, किंवा अर्धवट उतरून पुन्हा आली, तर दुसरा कोर्स नको, तपासणी हवी. बाई पाजत नसेल, वय चाळिशी-पन्नाशीचं असेल, ताप नसेल, तर हे दहा दिवसही थांबायची गरज नसते. गोळ्या आणि सोनोग्राफी बरोबरच सुरू करता येतात. पाजणाऱ्या बाईलाही हा कॅन्सर होऊ शकतो, आणि नेमका तिच्याच बाबतीत उशीर होतो, कारण दूध तुंबल्याचं कारण समोर तयारच असतं.

फोन हातात आहे, त्याचा इथं चांगला उपयोग होतो. ज्या दिवशी सूज दिसली त्या दिवशी एक फोटो काढून ठेवावा, मग दोन-तीन दिवसांनी पुन्हा. फोटो स्वतःच्याच फोनमध्ये राहू द्यायचा, ग्रुपवर टाकायचा नाही. लालीच्या कडेनं पेनानं एक रेघ ओढून ठेवली तर ती पुढं सरकतेय की मागं, हे घरच्या घरी कळतं. डॉक्टरांना 'किती दिवसांपासून आहे?' याचं उत्तर तारखेनिशी मिळालं तर त्यांचं अर्धं काम होतं. या कॅन्सरची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे तिच्यातही काळाला महत्त्व आहे: लाली स्तनाच्या निदान एक तृतीयांश भागावर आणि सगळं सहा महिन्यांच्या आत सुरू झालेलं.

बिब्बा मात्र अजिबात घालू नये. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात, आणि मग मूळची सूज कुठली आणि भाजल्याची कुठली हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. जोरात चोळणं आणि कडक शेक देणंही टाळावं.

सोनोग्राफी फक्त पोटातल्या बाळाची नसते

गावात सोनोग्राफी म्हटलं की गरोदर बाईच डोळ्यांसमोर येते. एखादी पन्नाशीची बाई सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर बसली तर लोक वळून बघतात, म्हणून काही जणी जायलाच लाजतात. गंमत अशी की हे यंत्र बाळाच्या आधी स्तनावर फिरलं होतं. अमेरिकेत जॉन वाइल्ड या डॉक्टरांनी जॉन रीड या इंजिनिअरसोबत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ध्वनिलहरींनी स्तनातल्या गाठी तपासल्या. स्कॉटलंडच्या इयान डोनाल्ड यांचा पोट आणि गर्भाच्या सोनोग्राफीवरचा गाजलेला लेख आला तो १९५८ मध्ये.

सेंटरवर गर्भलिंग तपासणी होत नसल्याचा बोर्ड लावलेला असतो, त्यामुळंही काहींना वाटतं की इथं फार कायद्याच्या भानगडी असतील. १९९४ चा तो कायदा गर्भलिंग निदान थांबवण्यासाठी आहे. त्यातला फॉर्म एफ गरोदर बाईसाठी भरतात. स्तनाच्या सोनोग्राफीला तो लागत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र न्यावी, आणि त्या चिठ्ठीवर 'दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा' असं लिहून घ्यावं. नुसतं 'सोनोग्राफी' लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेलं आणि पोटाची सोनोग्राफी करून परत आलं, तर दिवस आणि भाडं दोन्ही वाया.

उपाशी राहावं लागत नाही, पाणी पिऊन लघवी तुंबवून बसावं लागत नाही. त्या दिवशी छातीला पावडर, तेल, लेप लावू नये. ब्लाऊज किंवा कुर्ता सहज काढता येईल असा घालावा. सोबत बाईमाणूस असावं आणि तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत नर्स किंवा नातेवाईक बाईला थांबू द्या, असं सरळ सांगावं. कातडीवर गार जेल लावून हातातलं यंत्र फिरवतात, पंधरा-वीस मिनिटं लागतात. यात किरण नसतात, फक्त आवाजाच्या लहरी असतात, त्या कानाला ऐकू येत नाहीत. त्यामुळं गरोदर आणि पाजणाऱ्या बाईलाही ही तपासणी करता येते. तरुण बायकांचा स्तन घट्ट असतो, मॅमोग्राफीच्या एक्स-रेमध्ये तो सगळा पांढरा दिसतो आणि आतलं काही उमगत नाही. तिथं सोनोग्राफी जास्त कामाची.

एक फरक मात्र असतो. पोटासाठी वापरतात ते गोल तोंडाचं प्रोब खोलवर बघतं, वरवरचं नीट दाखवत नाही. स्तनासाठी सरळ तोंडाचं, जास्त बारीक लहरींचं प्रोब लागतं. ते सगळीकडे असेलच असं नाही. म्हणून ग्रामीण रुग्णालयात किंवा सेंटरला निघण्याआधी फोन करून 'स्तनाची सोनोग्राफी होते का आणि कोणत्या दिवशी?' एवढं विचारलेलं बरं. अनेक ठिकाणी सोनोग्राफीचे डॉक्टर ठरावीक वारीच येतात.

पडद्यावर काय दिसतं?

सोनोग्राफीच्या पडद्यावर पाणी काळं दिसतं. लहरी जिथून जोरात परत फिरतात तो भाग पांढरा दिसतो. चरबी आणि मांस यांचे मधले राखाडी रंग. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचं समजायला सोपं जातं.

डॉक्टर आधी कातडी मोजतात. स्तनाची कातडी साधारण दोन मिलिमीटरच्या आत असते, खालच्या घडीजवळ थोडी जास्त. या आजारात ती तीन, पाच, कधी त्याहूनही जास्त मिलिमीटर भरते. दुसऱ्या बाजूची कातडीही मोजतात, कारण तुलना तिच्याशीच करायची असते. म्हणून 'या बाजूला काही नाही, कशाला बघता?' असं म्हणू नये.

कातडीच्या खालची चरबी नेहमी गडद राखाडी दिसते. पाणी मुरलं की ती धुकट पांढरी पडते आणि तिच्यात काळ्या रेघांचं जाळं उमटतं. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते तसं ते चित्र दिसतं. त्या भेगा म्हणजे पाण्यानं तट्ट फुगलेल्या लसिकावाहिन्या आणि साचलेलं पाणी. निचरा बंद पडलाय, हे इथं डोळ्यांना दिसतं.

मग त्या सुजेच्या आत काही लपलंय का, याचा शोध. हाताला गाठ न लागलेल्या अनेक बायकांमध्ये सोनोग्राफीत ती सापडते. सगळा स्तन घट्ट झाल्यामुळं बोटांना जी कळत नाही, ती लहरींना कळते. कॅन्सरची गाठ बहुधा काळपट, वेड्यावाकड्या कडांची असते आणि तिच्यामागं सावली पडू शकते. कधी एक गाठ नसते, बारीक बारीक अनेक असतात. कधी गाठ अशी नसतेच, एक मोठा पट्टा विस्कटल्यासारखा काळपट दिसतो. गळू असेल तर चित्र वेगळं: पुवाची पोकळी, आत तरंगणारा गाळ, प्रोबनं दाबलं तर तो हलतो. रंगीत डॉपलर लावलं तर गळवाच्या कडेनं रक्त खेळताना दिसतं, मधे नाही.

शेवटी काख. निरोगी लसिकाग्रंथी घेवड्याच्या बीसारखी लांबट असते, मधे पांढरा गाभा आणि भोवती पातळ काळी साल. कॅन्सर शिरला की साल जाड होते, गाभा चेपतो किंवा नाहीसा होतो आणि ग्रंथी गोलमटोल होते. या आजारात निदान होईपर्यंत काखेतल्या ग्रंथींपर्यंत कॅन्सर पोचलेला असणं फार सामान्य आहे. म्हणून चांगले सोनोग्राफी डॉक्टर काखेवर थांबत नाहीत. गळ्याच्या हाडाच्या वर आणि खाली, छातीच्या मधल्या हाडाच्या कडेनंही प्रोब फिरवतात. स्तन दाखवायला आलेल्या बाईला 'मान का तपासतायत?' असं वाटतं, त्याचं कारण हे.

दोन्ही स्तन सारखेच सुजले असतील, पायांवरही सूज असेल, दम लागत असेल, तर डॉक्टर आधी हृदय आणि किडनीकडे बघतात. तिथलं पाणीही स्तनाच्या कातडीत उतरतं.

रिपोर्टवरचे शब्द

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. रिपोर्ट हातात येतो, त्यात गाठ लिहिलेली नसते, 'एडिमा' लिहिलेलं असतं. कुणीतरी वाचून सांगतं, 'काही नाही, नुसती सूज आहे.' आणि घरचे निर्धास्त होतात.

'स्किन थिकनिंग' म्हणजे कातडी जाड झाली. 'एडिमा' म्हणजे पाणी साचलं. 'डायलेटेड लिम्फॅटिक्स' म्हणजे लसिकावाहिन्या फुगल्या. 'लिम्फ नोड' म्हणजे काखेतली ग्रंथी, आणि तिच्यापुढं 'लॉस ऑफ फॅटी हायलम' असेल तर तिचा पांढरा गाभा गेलेला आहे. पहिल्या तिन्ही गोष्टी साध्या इन्फेक्शनमध्येही दिसतात आणि या कॅन्सरमध्येही. सोनोग्राफीची मर्यादा हीच आहे. ती निचरा तुंबलाय हे दाखवते, कशानं तुंबलाय हे प्रत्येक वेळी खात्रीनं सांगू शकत नाही. त्यामुळं 'नुसती सूज' हा रिपोर्ट आला आणि औषधानं सूज उतरत नसेल, तर त्या रिपोर्टवर समाधान मानायचं नसतं.

रिपोर्टच्या शेवटी बऱ्याचदा 'बायरॅड्स' आणि एक आकडा असतो. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, अजून काही बघायचंय. एक म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे जे दिसलं ते साधं. तीन म्हणजे बहुधा साधंच, कॅन्सरची शक्यता शंभरात दोनहून जास्त नाही, पण काही महिन्यांनी पुन्हा बघा. चार म्हणजे संशय आहे, तुकडा तपासा. पाच म्हणजे संशय फार दाट, शंभरात पंच्याण्णव किंवा जास्त. सहा हा आकडा कॅन्सर आधीच सिद्ध झालेल्या बाईलाच देतात. हा कॅन्सरचा 'टप्पा' नाही. 'बायरॅड्स चार' वाचून चौथ्या स्टेजचा कॅन्सर झाला अशी रडारड होते, तिची गरज नाही.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो?

नाही. तरीही ही समजूत कॅन्सरइतकीच हट्टी आहे. सुई लावली आणि महिन्याभरात बाई गेली, अशी एखादी गोष्ट प्रत्येक गावात असते. ती बाई सुईनं जात नाही, उशिरा आल्यानं जाते.

सोनोग्राफीचं दुसरं मोठं काम इथंच आहे. पडद्यावर बघत बघत नेमक्या संशयाच्या जागी सुई नेता येते. जागा बधिर करतात, मग जाड सुईनं शेवयांसारखे बारीक तुकडे काढतात. त्याच वेळी काखेतल्या ग्रंथीतूनही नमुना घेतात. टाके लागत नाहीत, बाई त्याच दिवशी घरी जाते. गरज पडली तर कातडीचाही छोटा गोल तुकडा घेतात. कातडीतल्या नळ्यांत कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर निदान पक्कं होतं. पण कातडीच्या तुकड्यात त्या सापडल्या नाहीत म्हणून हा आजार नाही, असं ठरत नाही, कारण तो तुकडा फार छोटा असतो.

तुकड्यावरूनच कॅन्सरचा प्रकार कळतो: हार्मोनला दाद देणारा आहे का, हर-टू आहे का. औषध त्यावर ठरतं. त्यामुळं 'कॅन्सर आहे एवढं कळलं, आता पुढच्या तपासण्या कशाला?' असं म्हणून हे रिपोर्ट टाळू नयेत. या आजारात मॅमोग्राफीही करतात, शक्य असेल तिथं एमआरआय. एमआरआय सोनोग्राफीपेक्षा बारकाईनं दाखवतं, पण ते मोठ्या शहरात. मग बाकी अंगात कुठं पसरलाय का यासाठी सीटी, हाडांचा स्कॅन किंवा पेट-सीटी.

आधी औषध, मग ऑपरेशन

हा कॅन्सर सापडतो तेव्हाच तो किमान तिसऱ्या टप्प्यातला धरतात, कारण कातडी त्यात आलेली असते. साधारण तीनपैकी एका बाईत तो तोवर दूरच्या अवयवात पोचलेला असतो. हे आकडे जड आहेत, पण लपवून काय उपयोग? फक्त ऑपरेशन करायचे त्या जुन्या काळात पाच वर्षांनंतर शंभरातल्या पाच बायकाही हयात नसायच्या. आता अमेरिकेच्या नोंदींत हे प्रमाण साधारण ४० टक्के आहे. एवढा फरक उपचारांचा क्रम बदलल्यानं आणि नव्या औषधांनी पडला.

क्रम असा: आधी केमोथेरपी, तिला चार-सहा महिने लागतात. हर-टू प्रकार असेल तर त्यावरचं खास औषध सोबत. सूज आणि लाली उतरली की पूर्ण स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन. त्यानंतर शेक, म्हणजे रेडिएशन. कुणी घाईघाईनं 'आधी काढून टाकू' म्हणालं तर कॅन्सरच्या डॉक्टरांचं दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नये. सुजलेल्या कातडीतून कापलं तर कॅन्सरच्या पेशी मागं राहतात आणि आजार त्याच जागी परत येतो.

जायचं कुठं? सुरुवात गावातच होते. आशाताईंना सांगावं, त्यांना हे सांगायला लाज वाटायचं कारण नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीवरच्या बायकांची स्तनाची तपासणी होते. पण दोन तपासण्यांच्या मधल्या काळात हा आजार उगवू शकतो, म्हणून 'मागच्या वर्षी तर तपासलं होतं' हे कारण पुरेसं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कॅन्सरच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईत परळचं टाटा रुग्णालय. बार्शीचं नाव मुद्दाम घ्यायला हवं. तालुक्याच्या गावात उभं राहिलेलं ते रुग्णालय आहे, आणि देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथंच सुरू झाली.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो, ऑपरेशन आणि रेडिएशन या तिन्ही गोष्टी येतात. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटायचं. चौकशीसाठी १५५३८८ हा नंबर आहे.

आणि सोनोग्राफीची पहिली फिल्म, तिचा रिपोर्ट, तुकड्याचा रिपोर्ट हे सगळं एका पिशवीत सांभाळून ठेवावं, सगळ्या कागदांचे फोटो फोनमध्ये वेगळे काढून ठेवावेत. केमोच्या मधे पुन्हा सोनोग्राफी करतात तेव्हा डॉक्टर तिथंच बघतात: कातडी आधी किती मिलिमीटर होती आणि आता किती, काखेतली ग्रंथी आधी केवढी होती आणि आता केवढी. औषध लागू पडतंय का, ते या दोन आकड्यांवरून ताडतात. पहिला कागद हरवला तर तुलना करायला काही उरत नाही.